बरे न होणाऱ्या मुलांची शुश्रूषा : सिकल सेलच्या पाड्यांवरून



गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका मंडळीत आपल्या कामाची माहिती द्यायला गेले होते. उपासना संपल्यावर एक वयस्क आजोबा काठी टेकत माझ्याकडे आले. गेली कित्येक वर्षे ते या कामाला न चुकता देणगी पाठवतात. त्यांनी विचारले, "सिस्टर, तुमच्या यादीतली किती मुलं यंदा बरी झाली?" मी म्हटले, "आजोबा, एकही नाही." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग तुम्ही तिथं करता तरी काय?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पैसे देणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण दारात उभ्या उभ्या मला धड उत्तर देता आले नाही. काहीतरी "सेवा करतो" असे पुटपुटले आणि बसच्या घाईत निघून आले. ते उत्तर आज सविस्तर लिहिते आहे. मंडळीच्या गटांत हा लेख वाचला जातो असे कळते. वाचताना मध्येच थांबून बोलावेसे वाटले तर जरूर थांबावे.

आमच्या यादीतली बहुतेक मुले सिकल सेलची आहेत. हा आजार नंदुरबार, गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, अमरावती अशा जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजांत, मोठ्या प्रमाणात आढळतो. भारतात तो प्रथम नोंदवला गेला १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. पुढे तो विदर्भातल्या इतर समाजांतही सापडला, म्हणजे हा काही केवळ जंगलातल्या लोकांचा रोग नव्हे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून केंद्र सरकारने सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहीम चांगली आहे. पण तपासणीचा कागद हातात पडल्यावर त्या मुलाचे आणि त्याच्या आईचे काय होते, ते पाहायला कुणीतरी पाड्यावर असावे लागते.

आजार थोडक्यात असा. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल, मऊ असतात आणि बारीक नळीतूनही वाकून जातात. सिकल सेलमध्ये पेशीच्या आतला रक्तरंजक, म्हणजे हिमोग्लोबिन, जन्मतःच थोडे वेगळे असते. प्राणवायू कमी झाला की ते पेशीच्या आत कडक होते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी बनते. अशा पेशी बारीक नळ्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथले रक्त थांबते, आणि थांबलेल्या जागी वेदना सुरू होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा ते वीस दिवसांतच फुटते, म्हणून मूल कायम फिकट, दमलेले आणि डोळ्यांत पिवळसर दिसते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. पाड्यावर मूल सतत आजारी पडले की बोट दाखवले जाते ते आईकडे. हिच्या रक्तातच दोष, हिच्या माहेरचेच वाईट, असे म्हणत तिला माहेरी पाठवल्याची घरे मला माहीत आहेत. त्यामुळे आम्ही घरी गेलो की प्रथम दोन वाट्या मागतो. एक वाटी आईची, एक बापाची. प्रत्येक वाटीत एक पांढरा ज्वारीचा दाणा आणि एक लाल तुरीचा दाणा ठेवतो. मग सासूलाच सांगतो, डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचल. दोन पांढरे आले तर मूल निरोगी. एक पांढरा, एक लाल आला तर वाहक. त्याला स्वतःला सहसा त्रास होत नाही. दोन्ही लाल आले तरच रुग्ण. दाणे परत वाटीत टाकायचे आणि पुढच्या बाळासाठी पुन्हा उचलायचे. दर खेपेला चारांत एक शक्यता असते, पण एखाद्या घरात तिन्ही वेळा लाल जोडी निघते आणि शेजारच्या घरात एकदाही निघत नाही. हे सासूने स्वतःच्या हाताने केले की तिला एक गोष्ट आपोआप दिसते: लाल दाणा मुलाच्या, म्हणजे तिच्या लेकाच्या वाटीतूनही आला आहे. एका म्हातारीने दाणे हातात धरून मान खाली घातली आणि सुनेला म्हणाली, "ऊठ, चहा टाक." त्या घरात तेवढीच क्षमा मागितली गेली.

मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत सहसा काही दिसत नाही, कारण गर्भातले हिमोग्लोबिन तोवर त्याला सांभाळते. मग एके दिवशी हाताचे-पायाचे पंजे सुजतात, बाळ कुणाला हात लावू देत नाही. हीच वेळ असते की भगताकडे नेऊन डाम दिला जातो. मी भगताची निंदा करणार नाही. रात्री दोन वाजता दार उघडणारा तोच एक असतो. आमच्या भागातल्या दोन भगतांना आम्ही एवढेच सांगितले आहे की सुजलेल्या हाताचे बाळ आले तर मंत्र म्हणा, पण चटका देऊ नका आणि सकाळी आमच्याकडे धाडा. त्यांतला एक धाडतो.

मग आम्ही करतो काय? बरेचसे काम शिकवण्याचे आहे, आणि ते एकदा शिकवून भागत नाही.

पहिला धडा तापाचा. पोटात डाव्या बाजूला पाणथरी असते. तिला प्लीहाही म्हणतात. ती जंतूंशी लढते. सिकल सेलच्या मुलात ती लहानपणीच निकामी होऊ लागते. म्हणून इतर मुलाला जो ताप गोळीने उतरतो, तोच या मुलाचा काही तासांत जीव घेऊ शकतो. १०१ च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी, त्याच रात्री रुग्णालय. प्रत्येक घरी थर्मामीटर दिला आहे. ज्या आयांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्या थर्मामीटरवर आम्ही नेलपॉलिशची लाल रेघ ओढतो. पारा रेघेच्या पुढे गेला की निघायचे. पाच वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने पेनिसिलिनचा रोजचा डोस असतो, न्युमोनियाच्या लसी असतात, मच्छरदाणी असते. मलेरियाचा ताप या मुलांना फारच महागात पडतो.

दुसरा धडा पाणथरीचाच. कधीकधी शरीरातले रक्त अचानक तिच्यात साठू लागते, ती फुगते आणि मूल पांढरेफटक पडते. याला वेळ फार थोडा असतो. म्हणून आईला पोट चाचपायला शिकवतो. मूल उताणे झोपले की बोटे हलकेच बरगडीखाली सरकवायची. मग बांबूची एक काडी घेऊन बरगडीपासून पाणथरीच्या काठापर्यंत मापतो आणि काडीवर खूण करतो. रोज संध्याकाळी काडी लावून पाहायची. पाणथरी खुणेच्या पुढे आली तर वाट पाहायची नाही.

बाकीचे रोजचे आहे: पाणी भरपूर, थंडीत ऊब, डोंगर चढताना मध्ये विसावा, फॉलिक अॅसिडची गोळी, आणि ज्यांना डॉक्टरांनी सुरू केले आहे त्यांना हायड्रॉक्सियुरिया. हे औषध रोज घेतले तर वेदनेचे झटके बरेच कमी होतात, पण त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते. ऊसतोडीला घरचे सहा महिने गुजरातेत गेले की औषध तुटते. म्हणून दिवाळीनंतर आमची खरी धावपळ असते: कोण कुठल्या कारखान्याकडे निघाले, गोळ्या किती दिल्या, तिथे जवळचे सरकारी रुग्णालय कोणते.

आश्रमशाळेबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. या मुलांची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत. लघवी पाण्यासारखी आणि वारंवार होते, आणि दहा-बारा वर्षांचे मूलही अंथरूण ओले करते. त्यात आम्ही सांगतो पाणी जास्त प्या. एका मुलाला रोज सकाळी ओली चादर डोक्यावर घेऊन मैदानात उभे केले जात होते. त्याने पाणी पिणे सोडले आणि आठवड्याभरात वेदनेने आडवा झाला. कुणी दुष्टपणे केले नव्हते, कुणाला माहीतच नव्हते. आता प्रत्येक मुलाच्या शाळेत आम्ही स्वतः जाऊन अधीक्षकांशी बोलतो. एक पत्र देतो: वर्गात पाण्याची बाटली असू द्यावी, लघवीला केव्हाही जाऊ द्यावे, गार पाण्याने आंघोळ घालू नये, शिक्षा म्हणून पळवू नये.

आता वेदनेविषयी. इथे माझी स्वतःची चूक सांगते. कामाच्या पहिल्या वर्षी सात वर्षांचा एक मुलगा पाय दुखतो म्हणून आला. मी तपासत होते तेव्हा तो कण्हत होता. थोड्या वेळाने पाहिले तर ओसरीवर गोट्या खेळत होता. मी त्याच्या बापाला म्हटले, शाळा चुकवायचे नाटक आहे, घेऊन जा. चौथ्या दिवशी त्याला झोळीत घालून आणले. पुढे मला कळले की सतत दुखणारी मुले खेळतात, हसतातही, कारण खेळात मन गुंतले की तेवढा वेळ तरी सोसते. फार दुखले की काही मुले रडत नाहीत, निपचित पडून भिंतीकडे पाहतात. गप्प मूल म्हणजे न दुखणारे मूल, असे आम्हा नर्सनाही वाटते, आणि ते चूक आहे.

म्हणून आता आम्ही मुलालाच विचारतो. भिंतीवर सहा चेहरे काढलेले आहेत, हसऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत. मूल बोट ठेवते आणि आम्ही तो आकडा लिहितो. त्याने जे सांगितले ते खरे धरायचे, हा आमचा नियम आहे. बोलता न येणाऱ्या बाळाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि कुशीत घेतल्यावर ते शांत होते का, एवढे पाहून आकडा ठरतो. औषध वजनावर आणि घड्याळावर द्यायचे. दुखणे परत वर येईपर्यंत थांबायचे नाही. दुखऱ्या जागी ऊब द्यायची, बर्फ कधीही नाही. छातीत दुखत असेल तर खोल श्वास घ्यायला लावायचा. त्यासाठी साबणाच्या पाण्याचे फुगे फार उपयोगी पडतात. खोकला, ताप आणि धाप एकत्र आली तर मात्र फुगे बाजूला ठेवून गाडी बोलवायची. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोबडे बोलू लागले, तरीही तेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांच्या वेदनेसाठी दोनच पायऱ्या सांगितल्या. पहिली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची, दुसरी मॉर्फिनची. मॉर्फिन म्हटले की आपल्या मंडळ्यांतही लोक दचकतात. मूल व्यसनी होईल, श्वास थांबेल, असे म्हणतात. जाणकार डॉक्टरांनी मापाने दिले आणि नर्सने लक्ष ठेवले तर दुखणाऱ्या मुलाला ते सुरक्षितपणे देता येते. आपल्याकडे कायदाच इतका कडक होता की औषध असून मिळत नसे. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले. तरी तालुक्याच्या ठिकाणी ते सहज मिळते असे मी म्हणणार नाही.

बरे न होणाऱ्या मुलांचा वेगळा विचार जगातही तसा उशिराच सुरू झाला. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे १९८२ साली सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी अशा मुलांसाठी हेलन हाऊस काढले. त्या स्वतः मुलांच्या नर्स आणि मठवासी भगिनी होत्या. हेलन नावाच्या एका लहान मुलीच्या आईवडिलांशी त्यांची मैत्री झाली. मेंदूच्या गाठीमुळे तिचे आईबाप रात्रंदिवस तिला घरी सांभाळत होते. सिस्टरांनी अधूनमधून तिला आपल्याकडे ठेवून घेतले, म्हणजे त्या दोघांना झोप मिळावी. जगातले मुलांचे पहिले हॉस्पिस यातून उभे राहिले. आपल्या देशात मुंबईला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, ते मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी. अशी परिहारक शुश्रूषा शेवटच्या आठवड्यात सुरू करायची नसते. निदान झाले त्या दिवसापासून ती उपचारांच्या बरोबरीने चालते. आमच्याकडे हॉस्पिस नाही. पण आईला एक रात्र झोपू देणे आम्हालाही जमते. आमची सहायिका महिन्यातून दोनदा अशा घरी मुक्काम करते. देणगीच्या हिशेबात हे "प्रवासखर्च" या सदरात दिसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

घरातली दुसरी मुलेही विसरता कामा नयेत. आजारी भावाला अंडे, त्याला नवे स्वेटर, त्याच्यासाठी बापाची मजुरी बुडते. बहीण मात्र पाणी भरते, गुरे राखते, आणि मनात म्हणते, मलाही ताप आला तर बरे. एका मुलीने हे मला तोंडावर सांगितले होते.

तिच्याच भावाविषयी लिहिते. अक्कलकुवा तालुक्यातला पाडा. मुलगा चौदा वर्षांचा. छातीचा गंभीर झटका दोनदा येऊन गेलेला, एकदा पक्षाघात, त्यात डावा हात गेलेला. मूळपेशी प्रत्यारोपणाने हा आजार बरा होऊ शकतो, पण त्याला जुळणारा दाता लागतो, मोठे केंद्र लागते. त्याच्या बहिणीला स्वतःलाच हा आजार आहे, ती दाता कशी होणार? डॉक्टरांनी आईबापांना बसवून सांगितले की फुप्फुसे आणि हृदय आता फार काळ साथ देणार नाहीत. असे सांगताना नर्सने तिथे असावे, कारण डॉक्टर उठून गेल्यावर आईबाप पहिला प्रश्न नर्सलाच विचारतात. मुलालाही माहीत होते. "याहाला सांगू नका मला कळलंय ते," असे तो मला म्हणाला. आणि आई मला म्हणत होती, त्याला सांगू नका. पंधरा दिवस मी दोघांचे गुपित सांभाळत होते. मग एका संध्याकाळी आईला म्हटले, तो विचारेल तेव्हा खोटे बोलू नका, एवढेच करा. ते दोघे काय बोलले ते मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मागणी केली: काठीची होळी पाहायची.

काठीची होळी सातपुड्यात सर्वांत मानाची. रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले नाचे नाचतात आणि पहाटे होळी पेटते. रात्रीची थंडी, जागरण, गर्दी, धूर, यातली प्रत्येक गोष्ट आम्ही या मुलांना टाळायला सांगतो. पाठ्यपुस्तकाप्रमाणे नाही म्हणायला हवे होते. मी डॉक्टरांना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तयारी करून न्या." मग आम्ही यादी केली. दोन घोंगड्या, गरम पाण्याच्या पिशव्या, पाच लिटर पाणी, औषधे वेळ लिहून, धुराच्या उलट बाजूला बसायची जागा, रस्त्यापर्यंत जीप. बाप आणि चुलते आळीपाळीने त्याला पाठीवर घेत होते. पहाटे होळी पेटली तेव्हा तो बापाच्या खांद्यावर होता. मी खाली त्याच्या पायाचे बोट दाबून रंग परत येतो का ते पाहत होते, म्हणून त्याचा चेहरा मला दिसला नाही. बहिणीने पाहिला.

तो पाऊस सुरू होण्याआधी गेला, घरी, आईच्या मांडीवर. शेवटचे चार दिवस डॉक्टरांनी लिहून दिलेले मॉर्फिनचे पातळ औषध होते, त्याने धाप हलकी झाली. तोंड ओल्या फडक्याने पुसणे, कूस बदलणे हे आई-बहिणींनी केले. मी दाखवले आणि बाजूला बसले. अशा घरी भेटायला येणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना एक विनंती आहे. "देवाने परीक्षा घेतली", "याहून वाईट लोकांचे होते", "दुसरे मूल आहे ना" असे म्हणू नका. गप्प बसून राहिलात तरी चालते. सरपण घेऊन आलात तर फारच उत्तम. आणि पहिल्या आठवड्यात सगळेच येतात, तुम्ही तिसऱ्या महिन्यात जा.

मदतीबद्दल पुष्कळ जण विचारतात, म्हणून सांगते. मागे एका मंडळीने प्रेमाने लोहाच्या टॉनिकच्या बाटल्या पाठवल्या. मुले फिकट आहेत म्हणून लोह, हा विचार साहजिक होता. पण सिकल सेलमध्ये रक्त कमी असते ते पेशी फुटतात म्हणून. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या शरीरात तर लोह आधीच जास्त साठलेले असते. तपासल्याशिवाय ते देता येत नाही. आम्ही त्या बाटल्या आरोग्य केंद्राला दिल्या. घोंगड्या, थर्मामीटर, मोठ्या पाण्याच्या बाटल्या, जीपचे डिझेल याची गरज कायम असते. शहरातल्या तरुण संघांनी रक्तदान करावे. आणि कुणाला सरकारी कागदपत्रांची माहिती असेल तर त्यांनी आठवडाभर आमच्याकडे यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकल सेलचा समावेश आहे, एसटीच्या प्रवासातही रुग्णांना सवलत आहे, पण दाखल्यासाठी आईबापांच्या किती मजुऱ्या बुडतात ते पाहिल्याशिवाय कळणार नाही.

त्या मुलाच्या घरी मी पावसाळ्यात तीनदा गेले. आई फारसे बोलत नसे. मुलाची रिकामी औषधपेटी तिने बहिणीची गोळ्यांची पेटी केली होती. सप्टेंबरात एका पहाटे दवाखान्याचे दार वाजले. ती दारात उभी, पाठीवर सहा वर्षांची मुलगी, सोबत दीर, कंदील विझलेला. रात्री दोनला निघून नाला ओलांडून आली होती. मुलीला ताप नव्हता, रडतही नव्हती. आईने काही न बोलता पदराची गाठ सोडली आणि काडी माझ्या हातात दिली. मी मुलीला निजवून पोटाला काडी लावली. पाणथरी खुणेच्या पुढे दोन बोटे होती.

१०८ ची गाडी सव्वा तासाने आली. रुग्णालयात वेळेवर रक्त मिळाले. आठव्या दिवशी मुलगी घरी परतली. यंदा ती पहिलीत गेली आहे. शाळेला पत्र देऊन झाले. काडी बदलावी लागली, कारण मुलगी वाढली. नवी खूण आईनेच केली, आणि मी ती पुन्हा मोजून पाहिली. बरोबर होती.